ऐकलेले पुढे देताना
'आम्ही ऐकले तेच सांगितले,' एवढ्याने माणूस दोषमुक्त होतो काय?

१९७८ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे हौशी रेडिओचालकांनी मजकुराची छोटी 'पाकिटे' रेडिओलहरींवरून धाडली. १९८० मध्ये व्हँकुव्हरच्या मंडळींनी त्यासाठी यंत्र सिद्ध केले आणि पुढे केंद्राला केंद्र जोडून प्रादेशिक जाळी विणली गेली. दूरचा निरोप मधल्या केंद्राने विनामोबदला पुढे द्यायचा. मात्र नियम कडक! बोलण्यापूर्वी लहर मोकळी आहे ना, हे ऐकावे. पाकिटासोबतचा पडताळणीचा अंक जुळला नाही, तर ते तेथेच थांबते. पाठविणारा आणि वाहणारा, दोघांचीही खूण त्यावर असते.

निंदेवर मात्र वाहणाऱ्याची खूण नसते. म्हणूनच ती निर्धास्त फिरते. यंत्र तरी एवढेच पाहते, की पाठविले तसे पोहोचले. ते खरे आहे काय आणि खरे असले तरी सांगण्यास योग्य कारण आहे काय, हे आपल्या सदसद्विवेकानेच पाहावयाचे असते. आठवी आज्ञा पहिल्या बोलणाऱ्याइतकीच मधल्यालाही बांधते. शेजाऱ्याच्या नावाला डाग लावणारा शब्द आपल्यापाशी थांबला, तर तीही सेवाच होय.