फळ्यावरची ओळ

निपाणीजवळच्या एका मळ्यात जुनी विहीर होती. उन्हाळ्याची सुट्टी लागली की तीन पोरं दिवसभर तिच्यात पडून असत. एक सूर मारायचा, दुसरा मुटका मारायचा, आणि तिसरा पायरीवर बसून कोण किती वेळ पाण्याखाली राहिला ते मोजायचा. मळ्याचा मालक म्हातारा होता आणि तापट होता. तो काठी घेऊन पायऱ्यांवर उभा राहायचा आणि काठावरचे कपडे काखेत मारून न्यायचा. मग पोरं मोटेच्या बाजूने, दगडांच्या खाचांत बोटं रुतवून वर चढत आणि तंबाखू निघून गेलेल्या उघड्या रानातून तशीच घराकडे पळत.

पोरं मोठी झाली. मोजणारा बेळगावात मास्तर झाला. मुटका मारणारा वडिलांच्या तंबाखूच्या वखारीत बसू लागला. त्याच्या जिभेला हाड नव्हते. हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना तो हसवायचा. सूर मारणारा पुण्याला नोकरीला गेला, पण पाणी काही सुटले नाही. आधी तलाव, मग समुद्र, आणि एका वर्षी त्याने इंग्लिश खाडी पोहून जायचे ठरवले.

ऑगस्टात तो भावाला घेऊन डोव्हरला गेला. निपाणीत पावसाची रिपरिप चालू होती. मास्तर रजा टाकून आदल्या रात्रीच वखारीत मुक्कामाला आला होता. तिकडे रात्रीचे दोन वाजले, इकडे सकाळचे साडेसहा, आणि मित्र पाण्यात उतरला. सोबतच्या बोटीवर ठिकाण दाखवणारे यंत्र होते. त्यामुळे वखारवाल्याच्या मोबाईलवर निळ्या नकाशात एक ठिपका हलू लागला.

मास्तरने जमलेल्यांना सगळे समजावून सांगितले. कॅप्टन मॅथ्यू वेब हा 1875 साली ही खाडी पहिल्यांदा पोहून गेला, त्याला पावणेबावीस तास लागले. आपल्या देशातून 1958 साली मिहिर सेन गेले, पुढच्या वर्षी आरती साहा. डोव्हरपासून फ्रान्सपर्यंत सरळ अंतर तेहेतीस-चौतीस किलोमीटर. अंगात फक्त पोहण्याचा साधा पोशाख, थंडी अडवणारा रबरी सूट चालत नाही. बोटीला हात लावला की पोहणे बाद. खाणेसुद्धा दोरीला बांधलेल्या बाटलीतून.

दुपारी ठिपका फ्रान्स सोडून भलतीकडेच सरकू लागला.

“वाट चुकला की काय?” एका हमालाने विचारले.

“भरती-ओहोटी आहे,” मास्तर म्हणाला. “साधारण सहा तास पाणी एकीकडे ओढतं, मग उलटं. वाट वाकडीच होते.”

“शाळेत जाताना तरी कुठं सरळ गेलाय तो?” वखारवाला म्हणाला, आणि सगळी वखार हसली.

गावातल्या लोकांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली होती. निरोपही भरपूर येत होते. हार मानू नकोस. गावाची शान राख. प्रयत्नांती परमेश्वर. बोटीवरचा भाऊ जमेल तसे ते वाचायचा, पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचा आणि फळा पाण्याकडे धरायचा. सकाळी मित्र मान हलवायचा. पुढे पुढे त्याने पाहणेही सोडले.

संध्याकाळ झाली. ठिपका फ्रान्सच्या टोकाजवळ आला आणि तिथेच घुटमळू लागला. किनारा दिसतो आहे पण प्रवाह आत शिरू देत नाही, अशी ती जागा. कितीतरी पोहणारे इतके जवळ येऊन परत फिरले आहेत. भावाचा फोन आला. त्याचा आवाज कापत होता.

“दादा बोलत नाही. बोटीवरचे पर्यवेक्षक नाव विचारतायत, उत्तर देत नाही. थंडीनं डोकं चालेनासं झालं असेल तर बाहेर काढावं लागेल म्हणतायत. आणखी एकदा विचारून बघणार आहेत.”

वखारीत कुणीच बोलेना. मास्तर म्हणाला, “त्याला सांग, सगळं गाव डोळे लावून बसलंय.”

“नको,” वखारवाला म्हणाला. “गाव खांद्यावर घेऊन कोण पोहतंय का मर्दा? मी सांगतो ते लिही.”

भावाने लिहून घेतले. काही न विचारता त्याने फळा पाण्यावर धरला. त्यावर होते: ‘मालक काठी घेऊन डोव्हरला उभा हाय. कपडे त्यानं नेलेत. माघारी येऊ नको. मोटंच्या बाजूनं वर चढ.’

मित्राने फळ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग तो हसला. हसताना नाकातोंडात खारे पाणी गेले, ठसका लागला, आणि ठसक्यातच तो ओरडला, “काठी केवढी हाय?”

भावाने पर्यवेक्षकांना एवढेच सांगितले की उत्तर अगदी बरोबर आहे. त्यांनी मित्राला पुन्हा नाव विचारले. या वेळी त्याने ते सांगितले, निपाणीसकट. त्यांनी पुढे जाऊ दिले.

वखारीत भावाचा एका शब्दाचा निरोप आला: ‘हसला.’ मास्तरने चष्मा काढून डोळे पुसले. रात्री साडेनवाच्या सुमारास ठिपका किनाऱ्याला टेकला. मित्र खडकांवर गुडघ्यांनी सरपटत वर चढला होता.

पुढे गावी आल्यावर लोकांनी विचारले, त्या ओळीने थंडी पळाली का? तो म्हणाला, “थंडी तेवढीच होती. हात तेवढेच दुखत होते. पण हसलो तेव्हा कळलं, मी अजून मीच आहे.”

गावाचे निरोप मनापासूनच होते, पण ते कुणालाही धाडता आले असते. वखारवाल्याची ओळ जगात एकाच माणसासाठी होती. ती लिहायला विहिरीतले ते उन्हाळे लागले, आणि दिवसभर ठिपक्यावरून नजर न काढणारा मित्र लागला. मला तर वाटते, त्या दिवशी खाडीत एकटा माणूस नव्हताच.

तुमचाही कुणी सोबती आज दूर कुठे धावत असेल, डोंगर चढत असेल, सायकल हाणत असेल. त्याचा ठिपका बघत बसा. आणि त्याला निरोप धाडाल तेव्हा आयते सुविचार नका पाठवू; तुम्हा दोघांनाच हसू येईल असे काहीतरी लिहा.