किळस आणि करुणा

आजाऱ्यांच्या भेटीस जाताना आम्हा धर्मगुरूंच्या हाती प्रार्थनेचे पुस्तक आणि पवित्र तेल असते. हृदयविकाराच्या किंवा हाड मोडलेल्या रुग्णाभोवती आप्तांची दाटी आम्ही नेहमी पाहतो. पोटाच्या रुग्णाचे तसे नसते. उलट्या, जुलाब, पोटाला लावलेली मलाची पिशवी, खोलीत कोंडलेला वास. भेटावयास आलेले दारातूनच चौकशी करून परततात. खरे सांगावयाचे तर आमचेही पाऊल त्या उंबरठ्यावर अडखळले आहे. तेव्हापासून एक प्रश्न आम्हांस सोडीत नाही. ज्याची सेवा करताना किळस येते, त्याच्यावर आपण प्रेम करतो असे म्हणता येईल काय?

प्रथम किळस म्हणजे काय ते पाहू. नासलेल्या अन्नापासून आणि घाणीपासून शरीराने दूर राहावे म्हणून निर्मात्यानेच दिलेला तो पहारेकरी आहे. ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रानुसार जेथे इच्छेची संमती नाही, तेथे पाप नाही. म्हणून मळमळणे हा दोष नव्हे. तोंड फिरवून निघून जाणे मात्र इच्छेचे कृत्य आहे, आणि त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल.

परिचारिका काय करते? आपण ज्यावरून नजर काढून घेतो, तेच ती लक्षपूर्वक पाहते. शौच डांबरासारखी काळी असेल तर जठरात किंवा त्याच्या आसपास रक्तस्राव होत असावा. तांदळाच्या धुवणासारखी असेल तर पटकीची शंका. मातकट पांढरी असेल तर पित्ताची वाट अडली असावी. उलट्या किती झाल्या, लघवी किती झाली, चिमटीत धरलेली कातडी किती वेळाने सपाट झाली, हे सारे ती कागदावर नोंदविते. आपण न पाहता झाकतो. ती पाहते, मोजते आणि मग झाकते. तिलाही किळस येत असेल. पण तिच्या हातांना तिची आज्ञा पाळावी लागत नाही.

1971 साली बांगलादेशातील निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. सीमेवरील बनगाव येथे शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ व ग्लुकोजचे पाणी तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला. सुमारे तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. ते पाणी घोटघोट पाजले ते बहुतांशी रुग्णांच्या नातलगांनीच. पटकीच्या रुग्णाच्या खाटेला मध्ये भोक ठेवून खाली बादली ठेवतात. जितके गेले तितके भरून द्यावयाचे, हा त्या शुश्रूषेचा नियम. बादलीत डोकावण्यास जो लाजेल, त्याला रुग्णाची तहान कळणार नाही.

हे दूरचे वाटत असेल तर आपल्या मराठवाड्याकडे पाहा. फेब्रुवारी 2024 मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात, कोष्टवाडी येथील धार्मिक कार्यक्रमातील भोजनानंतर सुमारे दोन हजार लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. अशा रात्री प्रत्येक खाटेशी परिचारिका कोठून येणार? तेथे शेजाऱ्याचा हातच लागतो. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, एवढे ज्ञान प्रत्येक घरी असावे. लातूरकरांना पाण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. 2016 च्या उन्हाळ्यात त्यांच्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. रुग्णाला धुवावयास दोन तांबे पाणी जास्त देणे, हेही अशा काळी दानच ठरते.

नांदेडचीच आणखी एक घटना मनात सलते. ऑक्टोबर 2023 च्या आरंभी तेथील शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बालके होती. लोकांचा संताप योग्य होता. मात्र त्याच वेळी एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले. आमचा प्रश्न असा की, घाण साफ करणे ही अपमानाची शिक्षा आहे असे आपण का धरून चालतो? कारण पिढ्यान्‌पिढ्या हे काम आपण काही जातींच्या माथी मारले आणि घरात स्त्रियांच्या. आजही मुलगा औषध आणतो आणि भांडे सून उचलते. मुलाने ते उचलले तर त्याचे पुरुषपण उणे होते काय?

प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा पेत्राने नकार दिला होता. धुणाऱ्याइतकीच धुवून घेणाऱ्याचीही कसोटी असते. आयुष्यभर ताठ मानेने वावरलेल्या वृद्धाला कुशीवर वळवून कोणी पुसू लागले की तो भिंतीकडे तोंड करतो. त्याच्या डोळ्यांतील पाणी वेदनेचे नसते. संत पौलाने करिंथकरांना शिकविले की, शरीराच्या ज्या अवयवांना आपण कमी मानाचे समजतो, त्यांनाच अधिक मान देऊन आपण झाकतो. म्हणून पडदा आधी ओढावा, पाणी कोमट असावे, किती वेळा झाले हे चारचौघांत मोठ्याने विचारू नये, रुग्णादेखत नाकाला पदर लावू नये. हातमोजे जरूर घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. सावधगिरी म्हणजे तिरस्कार नव्हे.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे दिसते: किळस असूनही जो थांबतो, त्याचे प्रेम उणे नाही; उलट त्याने त्याची किंमत मोजली आहे. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर धर्मग्रामातील अशा एखाद्या घरी जावे. दारातून विचारपूस करून परतू नये. आत जाऊन खाटेशी बसावे, आणि घरच्या सुनेला म्हणावे, “आज भांडे आम्ही उचलतो.”