आरोपी आणि अपराधी

एखाद्या भयंकर गुन्ह्याची वार्ता वर्तमानपत्रांत आली, म्हणजे सुशिक्षितांच्या बैठकींतही एक प्रश्न हटकून ऐकूं येतो: ज्याचा अपराध साऱ्या गांवास ठाऊक आहे, त्यास वकील कशास हवा? प्रश्न विचारणारे दुष्ट नसतात. पीडितांविषयींच्या कळवळ्यानेंच ते बोलतात. म्हणूनच त्या प्रश्नाचा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें. आणि त्यासाठीं सातारा-सांगलीच्या बाहेर जाण्याचें कारण नाहीं.

इ. स. १८३९ मध्यें साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांस इंग्रजांनीं पदच्युत करून काशीस धाडलें. कंपनी सरकारविरुद्ध कारस्थान केल्याचा त्यांजवर आरोप होता. त्याची चौकशी १८३६ सालीं झाली ती गुप्तपणें. सर्व पुरावा पाहून त्यास उत्तर देण्याची मोकळी संधि महाराजांस मिळाली नाहीं. पुढें मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक जातीनें साताऱ्यास आले आणि कांहीं अटी मान्य केल्यास मागचें सर्व विसरूं, असें त्यांनीं सांगितलें. सही केली तर गादी राहणार होती. परंतु तशी सही म्हणजे न केलेल्या अपराधाची कबुली, असें मानून महाराजांनीं ती नाकारली. त्यांचे वकील रंगो बापूजी यांनीं विलायतेंत तपाहून अधिक काळ दाद मागितली. महाराज १८४७ सालीं काशीस वारले, तरी हा सेवक मागें हटला नाहीं. त्यांच्या मागणीचा गाभा एवढाच होता, कीं आरोप उघड सांगा आणि आमचें म्हणणें ऐकून घ्या. ही कथा ऐकून ज्याचा जीव हळहळत नाहीं असा मराठी माणूस विरळा.

आतां १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेकडे पाहावें. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवाद सोडल्यास, अटकेचें कारण लवकरांत लवकर सांगावें, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊं द्यावा, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें, असें २२ वें कलम सांगतें. आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति करूं नये, असें २० वें कलम सांगतें. प्रतापसिंहांस जें मिळालें नाहीं, तेंच येथें लिहिलें आहे. आणि ज्याच्यासाठीं विलायतेस जाणारा कोणी रंगो बापूजी नाहीं, अशा माणसासही तें दिलें आहे.

यावर कोणी म्हणेल, तें परक्यांचें राज्य होतें. आपल्या माणसांच्या हातीं सत्ता असतां अशा कुंपणांची गरज काय? याचेंही उत्तर याच मातींत आहे. १९४३ पासून १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जुन्या सातारा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीच्या मुलखांत, प्रतिसरकार चाललें. त्याच्या न्यायमंडळांनीं गांवोगांवचे तंटे मिटविले. दरोडेखोरांस त्याचा वचक बसला. त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु गुंड वा खबरे ठरलेल्या ज्या माणसांच्या तळपायांवर काठ्या बसल्या, त्यांत एकही निरपराध नव्हता असें शपथेवर कोण सांगेल? हेतूची शुद्धता पुराव्याची जागा घेऊं शकत नाहीं.

आणि नोव्हेंबर २०१७ मधील सांगली तर आपण सर्वांनीं पाहिली. लूटमारीच्या आरोपावरून पकडलेला एक तरुण पोलीस कोठडींत मरण पावला. तो पळून गेला, असें प्रथम सांगण्यांत आलें. पुढें त्याचें प्रेत आंबोलीच्या घाटांत जाळल्याचें उघडकीस आलें आणि पोलिसांवरच खुनाचा आरोप आला. शहर खवळलें तें योग्यच होतें. परंतु त्या संतापांत आमच्याही तोंडून शब्द निघून गेले, 'असल्यांस खटला कशास हवा?' आणि आम्ही चपापलों. बैठकींतला तोच प्रश्न आतां आमच्या जिभेवर होता. ज्या कलमांनीं त्या तरुणाचें रक्षण व्हावयास हवें होतें, त्याच कलमांचें छत्र त्या आरोपी पोलिसांवरही आहे, आणि असलेंच पाहिजे. तें हिरावून घेतल्यानें त्या तरुणास न्याय मिळत नाहीं. ज्या वृत्तीनें त्याचा बळी घेतला, ती मात्र बळावते.

या रक्षणामुळें कित्येकदां खरा अपराधी सुटतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्या आईचा मुलगा मारला गेला, तिला त्या सुटकेचें समर्थन ऐकविण्याचें धैर्य आम्हांस होणार नाहीं. तरीही दोन गोष्टी विसरूं नयेत. मारून मिळविलेली कबुली तपासाचे श्रम वांचविते, सत्य शोधीत नाहीं. भलताच माणूस कबूल झाला, कीं खरा अपराधी निर्धास्त होतो. म्हणूनच १८७२ च्या पुरावा कायद्यानें पोलिसांपुढील कबुली अग्राह्य ठरविली, आणि २०२३ च्या नव्या कायद्यानेंही तो नियम राखला. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अपराधी सुटला तर त्याचें पाप त्याच्या माथीं राहतें. निरपराधास शिक्षा झाली तर तें पाप आपणां सर्वांच्या माथीं येतें, कारण ती शिक्षा आपल्या नांवानें दिलेली असते.

प्रतापसिंह निरपराध होते, असें आम्ही मानतों. परंतु ते अपराधी असते तरीही त्यांजवर झाला तो अन्यायच ठरता. कारण त्यांचें म्हणणें नीट ऐकून न घेतांच निकाल दिला गेला. एवढें ज्यास पटलें, त्यानें पुढच्या बैठकींत तो प्रश्न निघेल तेव्हां गप्प बसूं नये.