गज कोणत्या हातात?

विसाव्या शतकातल्या हिंदुस्थानी तंतुवादनाचा सर्वांत थोर गुरू डावखुरा होता. मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ सरोद डाव्या हाताने छेडत, व्हायोलिनचा गजही डाव्याच हातात धरत. पूर्व बंगालातल्या शिबपूर गावातून संगीताच्या वेडापायी घर सोडलेला हा मुलगा कोलकात्यात लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे व्हायोलिन शिकला, पुढे रामपूरला वझीर खाँ बीनकारांच्या दारी तिष्ठत राहिला, आणि मैहरला स्थिरावल्यावर त्याने असे घराणे उभे केले की रविशंकर, अली अकबर, अन्नपूर्णादेवी, निखिल बॅनर्जी ही सगळी नावे त्या एकाच अंगणातून आली. हे शिष्य वाजवायचे उजव्या हाताने. समोर बसलेल्या गुरूचा हात त्यांना आरशातल्यासारखा दिसत असणार. त्यामुळे कुणाच्या ‘दा-रा’मध्ये खोट राहिली नाही, कुणाचा आलाप लंगडा झाला नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आज आपल्या गावोगावच्या वाद्यवर्गांत काय चालते ते त्याच्याशेजारी ठेवून पाहिले पाहिजे. बाबांचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावणारे शिक्षकसुद्धा वर्गात आलेल्या डावखुऱ्या मुलाच्या हातातला गज काढून घेतात आणि दुसऱ्या हातात देतात. त्याला काही विचारत नाहीत. आईवडीलही मान डोलावतात. पोराला वाटते, वाद्य म्हणजे असेच असते. आणि सहा महिन्यांनी गज तारेवर घसरत राहिला, ताल हातात येईना, की सगळे मिळून निष्कर्ष काढतात की याला संगीताचे अंग नाही. अंग आहे की नाही हे तपासलेच कुणी नाही. त्याला कमी सरावाच्या हाताने बोलायला लावले आणि मग तो अडखळतो म्हणून नापास केले, एवढेच झाले.

माझे म्हणणे सरळ आहे. कोणत्या हाताने वाजवायचे हा निर्णय मुलाचा आहे. शिक्षकाची सोय म्हणजे कलेचा नियम नव्हे.

या सक्तीच्या मुळाशी सोवळे-ओवळे आहे, हे मान्य करायला आपण लाजतो. डाव्या हाताने प्रसाद घ्यायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत, पानात वाढायचे नाही. मुलगी डावखुरी निघाली तर आजीपासून मावशीपर्यंत सगळ्यांना तिच्या सासरच्या पंगतीची काळजी लागते, म्हणून तिच्या हातावर चापट्याही जास्त बसतात. दहा माणसांत साधारण एक जण डावखुरा जन्मतो. पोटातले बाळ कोणता अंगठा चोखते यावरूनही त्याचा कल दिसू लागतो. ज्या गोष्टीचा कौल जन्माआधीच लागलेला आहे, तिला आपण वळण, शिस्त आणि संस्कार यांच्या रकान्यात टाकतो.

वाद्याच्या बाबतीत तर हा विटाळ क्षणभरही टिकत नाही. सतार वाजवणारा सबंध मैफल डाव्या हाताची बोटे तारेवर फिरवतो. मींड डाव्या हाताची, गमक डाव्या हाताची. सारंगियाच्या डाव्या बोटांना नखांच्या मुळाशी घट्टे पडतात. तबलजीचा डग्गा डाव्या तळव्याखालीच घुमतो. डाव्या हाताने वाद्य विटाळत असेल तर आजवर एकही मैफल शुद्ध झालेली नाही. तारेवर चालणारा डावा हात पवित्र आणि गज धरणारा डावा हात अपवित्र, हे कोणत्या शास्त्रात बसते?

शिकलेली माणसे सोवळ्याचे कारण पुढे करत नाहीत. त्यांचा युक्तिवाद जास्त सभ्य असतो: व्हायोलिनमध्ये अवघड काम डाव्या हाताकडेच आहे, म्हणजे डावखुऱ्याला उलट फायदाच. ऐकायला हे पटते, आणि आईवडिलांची समजूत घालायला फार उपयोगी पडते. पण जरा वाद्याजवळ जाऊन पाहा. सूर कुठे लागला हे बोटे ठरवतात. तो कसा लागला, कुठून उगवला, किती वेळ तेवला, शेवटी विरला की तुटला, हे सारे गज ठरवतो. लय गजात असते. व्हायोलिनचा श्वास गजात असतो. सतारीत आणि सरोदमध्ये तेच काम मिजराब आणि जवा करतात. बोटांचे काम खरोखरच जास्त नाजूक असते, तर बहुसंख्य असलेल्या उजव्या लोकांनी ते स्वतःच्या उजव्या हाताला दिले असते. त्यांनी तसे केले नाही. देशोदेशी त्यांनी आपला भरवशाचा हात छेडण्यासाठी आणि गज ओढण्यासाठी राखून ठेवला. त्यांना जे उमगले ते डावखुऱ्याला उमगू नये, असा आपला आग्रह का?

मग ऑर्केस्ट्राचा मुद्दा येतो. रांगेत बसलेल्या वादकांचे गज एका दिशेने चालले पाहिजेत, एखादा उलटा बसला तर शेजाऱ्याच्या कोपराला धक्का लागेल, म्हणून डावे व्हायोलिन नको. युरोपात हे कारण अजून सांगितले जाते आणि त्यात थोडे तथ्यही आहे. पण तिथेही वाट निघाली. फिनलंडचे पाव्हो बर्गलुंड डाव्या हातात गज धरून रेडिओच्या ऑर्केस्ट्रात वाजवत, आणि पुढे थोर संचालक झाले तेव्हा छडीही डाव्याच हातात धरली. व्हिएन्नाच्या रुडॉल्फ कोलिशचे उदाहरण आणखी बोलके आहे. लहानपणी डाव्या हाताच्या बोटाला इजा झाली म्हणून त्याने व्हायोलिन उजव्या हातात घेतले आणि गज डाव्या. पुढे त्याच्या तंतुवादकांच्या चौकडीने शोनबर्ग, बर्ग आणि बार्टोक यांच्या रचना पहिल्यांदा जगापुढे आणल्या. त्या काळातले सर्वांत अवघड संगीत एका डाव्या गजावर उभे राहिले.

आपल्याकडे तर हे कारणच लागू पडत नाही. आपला व्हायोलिनवादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक पावलाशी टेकवतो आणि एकटा वाजवतो किंवा गायकाला साथ करतो. त्याच्या कोपराला धक्का लागेल असे शेजारी कुणी नसते. युरोपातून आलेले वाद्य आपण आपल्या बैठकीत बसवले, खांद्यावरून पायापाशी आणले, त्याच्या तारांचे स्वर बदलून सा-प-सा-प केले. एवढे स्वातंत्र्य ज्यांनी घेतले त्यांना हात बदलणे तेवढे अशक्य वाटावे!

कर्नाटक संगीतात मात्र बैठकीची खरी अडचण एकदा उभी राहिली होती. मृदंगाचे मुख्य तोंड श्रोत्यांकडे असावे म्हणून मृदंगवादक गायकाच्या उजवीकडे बसतो आणि व्हायोलिनवादक डावीकडे. पळनी सुब्रमणिय पिळ्ळै डावखुरे होते. ते साथीला असले की त्यांना डावीकडे बसावे लागे आणि व्हायोलिनवादकाला जागा सोडावी लागे. आपली जागा का सोडावी, असे वाटणारे वादक होते. पण चेंबै वैद्यनाथ भागवतरांसारख्या मोठ्या गायकाने पळनींना साथीला घेतले आणि बैठक बदलली. पळनी आज मृदंगाच्या इतिहासातले एक शिखर मानले जातात. एका माणसाने चार हात बाजूला सरकून बसणे, एवढीच त्याची किंमत होती. प्रबोधन म्हणजे बहुतेक वेळा मोठी क्रांती नसते, असे सरकून बसणेच असते, आणि त्यालाच आपण सर्वांत जास्त विरोध करतो.

आता एक उदाहरण माझ्या बाजूचे वाटते, पण ते नीट तपासले पाहिजे. हरिप्रसाद चौरसिया मुंबईत अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले तेव्हा चांगले नावाजलेले बासरीवादक होते. नव्याने सुरुवात करण्याची तयारी दाखवण्यासाठी त्यांनी बासरी उजवीकडून डावीकडे घेतली असे सांगतात. ते डावीकडे वाजवतात, हे तर सगळ्यांनी पाहिले आहे. यावर कुणी म्हणेल, मग झालेच की! उजव्याला डावे होता येते तर डावखुऱ्याला उजवे व्हायला काय हरकत? हरकत हीच की चौरसियांनी तो निर्णय जाणत्या वयात, स्वतःच्या मनाने, आपली निष्ठा सिद्ध करण्यासाठी घेतला. ती तपश्चर्या होती. सहा वर्षांच्या पोरावर तीच तपश्चर्या न विचारता लादली की ती शिक्षा होते.

हेच तत्त्व उलट बाजूनेही पाळले पाहिजे. मार्क नॉफ्लर डावखुरा असून उजव्या पद्धतीने गिटार वाजवतो आणि त्याला कुणी बदलू नये. आपला सचिन तेंडुलकर सही डाव्या हाताने करतो आणि फलंदाजी उजव्या. हाताचा कल कामागणिक वेगळा असू शकतो. म्हणून मुलगा डाव्या हाताने लिहितो एवढे पाहून त्याला सक्तीने डावे वाद्य देणे हीदेखील तितकीच घाई ठरेल. विचारा, पाहा, थांबा. क्रिकेटच्या मैदानावर आपण हे सहज करतो. अजित वाडेकर किंवा विनोद कांबळी यांना उजवे करावे असे कुठल्या प्रशिक्षकाच्या मनात आले असते? तिथे डावखुरा म्हणजे संघाची ताकद, आणि संगीताच्या वर्गात तोच मुलगा अडचण.

हात मोकळा सोडला तर कलेला काय मिळते याची एक गोष्ट अमेरिकेतली आहे. नॉर्थ कॅरोलायनातली एलिझाबेथ कॉटन ही कृष्णवर्णीय मुलगी डावखुरी. गिटार उजव्यांची, शिकवायला कुणी नाही. तिने तारा न बदलता गिटार तशीच उलटी धरली. त्यामुळे जाड तारा बोटांकडे आल्या आणि बारीक तारा अंगठ्याकडे. खर्ज बोटांनी आणि धून अंगठ्याने, असा उलटा कारभार सुरू झाला. त्यातून निघालेली शैली आज तिच्याच नावाने ओळखली जाते. तिने कितीतरी वर्षे लोकांच्या घरी कामे केली, उतारवयात तिचे वादन जगाने ऐकले. कुणी शहाण्या माणसाने लहानपणी तिचा हात ‘सुधारला’ असता तर हे काहीच झाले नसते.

वाद्य मिळत नाही ही अडचण मात्र खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. व्हायोलिनच्या तारा नुसत्या उलट्या लावून भागत नाही. पोटात जाड तारेच्या बाजूला एक लांब पट्टी आणि बारीक तारेच्या बाजूला एक छोटा खांब असतो. त्यांच्या जागा बदलल्या नाहीत तर आवाज दबतो. चार्ली चॅप्लिन डाव्या हाताने वाजवायचा, त्याच्या व्हायोलिनमध्ये हे दोन्ही मुद्दाम उलट बसवलेले होते. सतारीत खुंट्या, चिकारी आणि तरफा यांची बाजू बदलावी लागते. पण लहान मुलाचे पहिले पाव किंवा अर्धे व्हायोलिन दोनएक वर्षांत बदलणारच असते. त्याला घोडी नवी कापून, तारा उलट लावून सुरुवात करता येते, आणि आवाजाची पारख येईपर्यंत पुरते डावे वाद्य बनवून घेता येते. आपल्या मिरजेचे कारागीर गायकाच्या पट्टीप्रमाणे तंबोरा लहानमोठा घडवतात. पुरुषाचा वेगळा, बाईचा वेगळा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. माणसाच्या मापाने वाद्य घडवणे ही त्या कारागिरांची जुनी रीत आहे. गळ्याच्या मापाने घडवणाऱ्याला हाताच्या मापाने घडवणे परके नाही. मागणी तेवढी आपण केलेली नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे की पहिल्या दिवशी गज हातात देऊ नका, समोर ठेवा. मूल तो कोणत्या हाताने उचलते, गाणे म्हणताना हवेत कोणत्या हाताने ओढते, टाळ कोणत्या हाताने वाजवते, हे काही आठवडे पाहा आणि मग त्यालाच विचारा. डाव्या हाताला शिकवणे अवघड आहे अशी भीती बाळगू नका. समोरासमोर बसलात की मुलाला तुमचा हात आरशासारखा दिसेल, जसा मैहरला दिसत असे. आणि संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या मंडळांनी आपल्या नियमावलीत एक ओळ ठळक छापावी: विद्यार्थी कोणत्याही हाताने वाजवू शकतो, आणि त्याबद्दल परीक्षकाने काही विचारू नये, गुणही कापू नयेत.