आकार आणि अक्षर

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला. शके ९३९ चा, म्हणजे १०१७ सालचा. त्याचा इंग्रजी अनुवाद लवकरच ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात आला. तो मजकूर टिकल्याचं श्रेय आपण तांब्याला देतो; तेवढंच तो वाचू शकणाऱ्या पंडितालाही द्यायला हवं.

पण टिकवणं म्हणजे वस्तू सांभाळणं, ही समजूत दप्तरखान्यांत पक्की होती. वाळवी लागू नये, ओल येऊ नये, की झालं. मग मोडी लिपी शाळा-कचेऱ्यांतून उठली आणि तिच्यातले शाबूत कागद मुके झाले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली.

संगणकावर हेच दहा-पंधरा वर्षांत घडलं. नव्वदच्या दशकात ठाण्या-डोंबिवलीतल्या डीटीपीवाल्यांनी स्मरणिका, लग्नपत्रिका, दिवाळी अंक श्री-लिपी, आकृतीसारख्या सॉफ्टवेअरवर जुळवले. त्या फाइलीत ‘क’ हे अक्षर नसायचंच. रोमन अक्षराच्या जागी बसवलेला ‘क’च्या आकाराचा तुकडा असायचा. फाँट आहे तोवर मराठी, फाँट गेला की रोमन अक्षरांचा चिवडा. छपाईपुरतं ते झकास होतं, आणि छपाईपलीकडे बघायला फुरसत कुणाला होती?

खरं तर तोडगा तेव्हाच हाताशी होता. आकार नको, अक्षर साठवा, हे सांगणारं ‘इस्की’ १९९१ मध्ये भारतीय मानक झालं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्याच धर्तीवरची. तरी केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड प्रमाण ठरवायला २००९ उजाडलं. दरम्यान कल्याण-डोंबिवली महापालिका ई-प्रशासनात राज्यात आघाडीवर गेली होती. म्हणजे कारभार आधी संगणकावर चढला, अक्षरांचा करार मागाहून आला.

करारही एकदा करून भागत नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली, तोवर लोक ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत होते. त्यामुळे ‘ॲसिड’ आज दोन तऱ्हांनी साठवलेलं सापडतं. डोळ्याला फरक दिसत नाही, पण साध्या शोधात एक सापडतं आणि दुसरं निसटतं. मोडीला तर २०१४ पर्यंत थांबावं लागलं.

एवढं होऊन आपण पुन्हा आकाराकडेच वळलोय. १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने दुर्मीळ पुस्तकं स्कॅन केली, ते मोलाचंच काम आहे. पण स्कॅन म्हणजे पानाचं चित्र. त्यातली अक्षरं ओळखून घ्यायला यंत्र मदत करतं. जुन्या खिळ्यांची झिजलेली छपाई आणि तुटलेली जोडाक्षरं मात्र माणसालाच तपासावी लागतात. अशा प्रकल्पांत स्कॅनरसाठी पैसे मागणं सोपं असतं, यंत्र दाखवता येतं. मुद्रितशोधकाच्या मानधनाची ओळ अर्जात कुठे घालायची, इथे गाडं अडतं.