काखेतली पुरचुंडी

सुदाम्याची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण भागवताच्या दशम स्कंधातील एक बारीक तपशील पुन्हा पाहा. ते पोहे त्याच्या घरचेही नव्हते. पत्नीने शेजारीपाजारी मागून चार मुठी जमवल्या आणि जुन्या फडक्यात बांधून दिल्या. द्वारकेचे ते वैभव पाहिल्यावर सुदामा पुरचुंडी पुढे करीना. श्रीकृष्णाला ती ओढूनच घ्यावी लागली.

आपलेही असेच होते. मित्र संकटात असतो आणि आपण म्हणतो, ‘माझ्या जाण्याने काय होणार?’ या संकोचाला आपण नम्रता समजतो. खरे तर त्या क्षणी आपले लक्ष मित्राकडे नसून स्वतःच्या पुरचुंडीकडे असते.

माझे वडील अतिदक्षता विभागात होते, तेव्हा अनेकजण म्हणाले, ‘काही लागलं तर सांगा.’ (अशा वेळी सांगायचे सुचते कुणाला?) एक मित्र मात्र न विचारता थर्मासमध्ये चहा घेऊन आला आणि पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिला. बोलला फारसे नाही. रुग्णालयाचे बिल किती झाले ते आज आठवत नाही; त्या चहात आले जरा जास्तच पडले होते, हे आठवते.