गुलाबी पेशी

खुर्ची पुढे ओढ. एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लाव. दुसरा मिटू नकोस, उघडाच असू दे. थोड्या वेळानं त्याला दिसणारं आपोआप मागे पडतं.

श्वास येतोय. येऊ दे. जातोय. जाऊ दे.

काचपट्टीवर लाल कांद्याचा पापुद्रा आहे. वरची वाळकी साल नव्हे. तिच्या खालच्या रसरशीत पाकळीचा, बाहेरच्या अंगाचा. आयोडीन घातलेलं नाही. रंग त्याचा स्वतःचा आहे.

बघ. लांबट पेशी, एकमेकींना खेटून. सगळ्या सारख्या गुलाबी नाहीत. काही गडद, काही फिक्या, मधेच एखादी अगदी कोरी.

त्यांतली एक निवड. तिच्यापाशीच राहा.

मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी असेल ती. गुलाबी दिसतंय ते तिच्या रिक्तिकेतलं पाणी. जवळजवळ सगळी जागा त्यानंच व्यापली आहे. पेशीद्रव्य कडेला सारलं गेलंय. केंद्रकसुद्धा.

घाई नाही. श्वास घे. सोड.

आता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब ठेव. समोरच्या कडेला टिपकागद लाव. थेंब आत ओढला जातो.

थांब.

आधी काहीच होत नाही.

मग एका कोपऱ्यात रंग भिंतीपासून जरासा सुटतो. मग दुसऱ्या कोपऱ्यात. गुलाबी आत सरकतंय, गडद होतंय. पाणी बाहेर चाललंय, रंग मागे राहतोय.

भिंत जागची हललेली नाही. भिंत आणि रंग यांच्यामधली जागाही रिकामी नाही. भिंतीतून आत आलेलं खारं पाणी आहे तिथे.

याला रससंकोच म्हणतात. व्याख्या परीक्षेपुरती बाजूला ठेव. नजर त्या गुलाबी कडेवर असू दे.

रंगाच्या कडेला पेशीद्रव्याचा पातळ थर आहे आणि त्याबाहेर प्रद्रव्यपटल. ते दिसत नाही. जाडी फक्त 7 ते 8 नॅनोमीटर. मेदरेणूंचे दोन थर: डोकी पाण्याकडे, शेपट्या आत, एकमेकींकडे वळलेल्या. ना गोंद, ना टाका. शेपट्या पाणी टाळतात, मुख्यतः तेवढ्यावर ते टिकून आहे.

इथे जरा जास्त वेळ राहा.

पटलात पाण्यासाठी वाटा आहेत. अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं. वाट इतकी अरुंद, की पाण्याचे रेणू एकामागे एक, एका रांगेनं जातात. तरी अशा एका वाटेतून सेकंदाला 300 कोटींच्या घरात रेणू जाऊ शकतात. मिठाचे आयन त्यांतून जात नाहीत.

पीटर अ‍ॅग्रे यांना हे प्रथिन माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत सापडलं. 2003 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच कुळातली प्रथिनं कांद्यातही आहेत.

मनगटावर बोट ठेव. नाडी लागतेय? तिथून वाहणाऱ्या रक्तातही त्या वाटा उघड्या आहेत, आत्ता.

काही ऐकू येणार नाही. तरी कान दे.

पुन्हा भिंगात बघ. आकसणं थांबलंय. पाणी थांबलेलं नाही. जेवढं बाहेर जातंय, तेवढंच आत येतंय.

श्वास घे. सोड.

आता साध्या पाण्याचा थेंब दे. टिपकागद बदल. थांब.

गुलाबी कड हळूहळू पसरते, भिंतीला पुन्हा टेकते. एखादी पेशी मात्र फुगत नाही. तिचं पटल फाटतं आणि रंग बाहेर विरघळून जातो. मागे नुसती भिंत उरते. रॉबर्ट हूकनं 1665 मध्ये बुचाच्या कापात पाहिली, ती अशीच मेलेल्या पेशींची घरं होती.

नवा पापुद्रा घे. या वेळी मीठ कमी घाल. मग अजून कमी. कधीतरी असं पाणी सापडतं, की निम्म्या पेशी जेमतेम आकसू लागतात आणि निम्म्या तशाच राहतात. त्या पाण्याची ओढ आणि पेशीच्या आतल्या रसाची ओढ जवळपास सारखी असते. ते पाणी शोध. सावकाश.